देवाची कणगी आणि जपानचा निधी

आमच्या घरात जपानचं नाव सगळ्यात जास्त घेतलं गेलं ते एका उन्हाळ्यात. मी धारवाडला अर्थशास्त्रात एम.ए. करत होते आणि सुट्टीला कुंभारवाड्याच्या पुढच्या आमच्या वाडीवर आले होते. पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. जगातल्या सरकारी मालकीच्या निवृत्तिवेतन निधींचे आकार एकमेकांशी ताडून पाहायचे, असा निबंध मला सुट्टीनंतर द्यायचा होता. विषय मीच निवडला होता. वर्गात दुसऱ्या कुणी तो घेतला नव्हता, आणि माझे वडील पेन्शनर होते.

अप्पा प्राथमिक शाळेचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. वाडीत पेन्शन येणारं घर आमचं एकटंच. बाकी सगळ्यांचं भात, आणि भात नसेल तेव्हा जंगलातली रोजंदारी. सागाची रोपं लावायची, वणवा अडवायला पट्टे साफ करायचे, आणि गुडघे गेले की घरी बसायचं. महिन्याच्या सुरुवातीला अप्पा इस्त्रीचा सदरा घालून पेन्शन आणायला जीपनं तालुक्याला, जोयड्याला जात. त्यांनी पेन्शनीची बढाई कधी मारली नाही. पण जीपची वाट बघत उभा असलेला तो पांढरा सदरा कमरेला कोयता लावून कामाला निघालेली माणसं बघत असत, आणि मी त्याच्याशेजारी ताठ मानेनं उभी असे. ते आठवलं की आज मान आपोआप खाली जाते.

माझे कागद अप्पांनी दोन दिवसांत वाचून काढले. इंग्रजी त्यांना बेताचं येत होतं, पण देशांची नावं आणि आकडे समजत होते. मग त्यांनी अंगण सारवून घेतलं आणि स्वयंपाकघरातली भांडी उपडी घालून त्यांच्या कडेनं राखेची वर्तुळं काढायला सुरुवात केली. जपानला मोठी परात. अमेरिकेलाही परातच, पण तिच्यावर त्यांनी एक फुली मारली, कारण तिथल्या सरकारनं तो पैसा स्वतःलाच उसना दिलेला आहे असं माझ्या कागदात होतं. नेदरलंड्सला कढई. "देश केवढा, आणि कढई केवढी!" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. सिंगापूरला ताट, मलेशियाला त्याहून जरा लहान ताट. आपल्याकडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीला वाटी. नॉर्वेनं समुद्रातल्या तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायला नुकतीच सुरुवात केली होती, त्याला त्यांनी नुसता बोटाचा ठसा दिला.

आई दारातून म्हणाली, "माझी परात जपानला दिलीत, आता भाकरीचं पीठ काय नॉर्वेत मळू?"

"अगं थांब, अजून आपली राहिली. माझी."

पण त्यांच्या पेन्शनीला भांडंच सापडेना. मी त्यांना सांगितलं की सरकारी नोकराच्या पेन्शनीसाठी आपल्याकडे वेगळा निधीच नाही. त्या त्या वर्षी तिजोरीत जे येतं त्यातूनच ती देतात. अप्पा राखेची वाटी हातात घेऊन उकिडवे बसले. मग म्हणाले, "म्हणजे ह्या वर्षीचं पीक ह्या वर्षीच खायचं. साठवण काही नाही."

संध्याकाळी शेजारपाजारचे ती वर्तुळं बघायला आले. त्यांना गंमत वाटली. एकानं विचारलं, "मास्तर, ह्यातला आमचा गोल कुठला?"

रात्रीची जेवणं होण्याआधी त्यांनी मला विचारलं, की मग खरं मोठं कोण, परात की कढई. मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं. "नुसत्या आकारावरून काही कळत नाही, अप्पा. त्याच्यावर किती म्हातारी माणसं जगणार आहेत ते बघावं लागतं. आत किती येतं, बाहेर किती जातं, आणि किती जणांना जातं." हे वाक्य त्यांना फार आवडलं. ते माझ्याकडे ज्या अभिमानानं बघत होते तो मला तेव्हा गोड वाटला. त्यानंतर जे झालं त्याचं बी त्या वाक्यात होतं.

आमच्या देवळाच्या बाजूच्या खोलीत एक कणगी होती. बांबूच्या चिरलेल्या बेळांची विणलेली, शेणानं लिंपलेली, छपराला टेकेल इतकी उंच. मळणी झाली की प्रत्येक घर आपल्या भातातलं जमेल तेवढं तिच्यात ओतायचं. आषाढात घरोघरचं भात तळाला जातं. जंगलातलं कामही पावसानं बंद असतं. तेव्हा एका सकाळी कणगी उघडत. प्रत्येक घरातली एक बाई पाटी घेऊन यायची, पाटीवर सागाचं पान झाकलेलं. एका वेळी एकीनं आत जायचं. कणगीच्या तळाशी एक भोक होतं आणि त्यात कापडाचा बोळा. बोळा काढला की भात पाटीत आपसूक उतरायचं, आवाज होत नसे. ज्यांना गरज होती त्या पाटी भरून घेत, ज्यांना नव्हती त्या देवाचं म्हणून मूठभर घेत. वर पान झाकून सगळ्या सारख्याच बाहेर येत. बाहेर बसलेली माणसं खोलीकडे पाठ करून बसायची, तोंडं ओढ्याकडे. हे कुणी सांगत नसे. लहान मुलानं मागे वळून बघितलं तर आई त्याची हनुवटी धरून तोंड फिरवायची, बस.

ह्या कणगीचं आत येणं-बाहेर जाणं मोजावं, असं अप्पांच्या मनानं घेतलं. मृग लागल्यावर गाव देवळात बसलं तेव्हा त्यांनी विषय काढला. मीही कोपऱ्यात होते.

गावकार म्हणजे वाडीतला मानाचा वडीलधारा माणूस. त्यांनी विचारलं, "मास्तर, कणगी रिकामी पडली काय कधी?"

"नाही पडली."

"मग?"

"पडायच्या आधी कळायला नको? किती जणांना लागतं, किती लागतं, हे कळलं तर भरताना तसं भरता येईल. उद्या म्हातारी माणसं वाढतील. जपानसारख्या देशानंसुद्धा..."

"जपानात बी बाया पाटी घेऊन जात्यात काय हो?" मागून कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला. दुसरा म्हणाला, "मास्तरांची पेन्शन झाली, आता देवाला बी पेन्शनीवर काढत्यात." अप्पाही हसले. त्यांना चेष्टेचा राग येत नसे.

गावकार हसले नाहीत. म्हणाले, "माझी पोरं सही करत्यात ती तुमच्यामुळं. तुमच्या म्होरं न्हाई कसं म्हणू? पर बगा."

अप्पांना होकार ऐकू आला. "पर बगा" त्यांना ऐकू आलं नाही. मला आलं होतं. पण मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात निबंधाचा शेवट रचत होते. वर्तुळांच्या शेवटी आमची ही कणगी ठेवायची. धारवाडच्या वर्गात कुणाला असलं काही सुचलं नसतं.

कणगी उघडायच्या सकाळी पाऊस एकसारखा होता. बोळा घट्ट बसवून ठेवला होता. अप्पा खोलीत पाटावर बसले, समोर भात मापायची लाकडी पायली. कणगीच्या वरच्या तोंडातून थोडं भात काढून ढीग केला होता, आणि पायली भरून द्यायला मी होते. बाहेर माणसं नेहमीसारखी पाठ करून बसली होती. पण पायलीला आवाज असतो. ढिगात ती खुपसली की करकरते, वरून हात फिरवून सपाट केली की दाणे सांडतात, पाटीत ओतली की भसकन पडते. दोन पायल्या आणि चार पायल्या ह्यांतला फरक पाठ करून बसलेल्या माणसालाही ऐकून कळतो. हे मला पहिली बाई आत आली तेव्हा कळलं. ती गावकारांची सून होती.

"मूठभर घाला, मास्तर."

मी मूठभर घातलं. दुसरी आली. "मूठभर." तिसरी. "आमाला काय लागत न्हाई मास्तर, देवाचं म्हणून मूठभर." मग एक आली, तिचा नवरा त्या वर्षी झाडावरून पडून अंथरुणाला होता. तिनं पान बाजूला केलं. पाटीच्या तळाशी तिनं जुन्या लुगड्याचं कापड नीट दुमडून घातलं होतं, भात फटींतून गळू नये म्हणून. मूठभर भातासाठी पाटीला कुणी कापड घालत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं आणि म्हणाली, "मूठभर."

मी घातलं. त्यानंतर मी पाट्यांचे तळ बघू लागले. कितीतरी पाट्यांना कापड होतं.

अप्पांना तळ दिसत नव्हते. ते खुशीत होते. दोन बायांच्या मधल्या वेळात माझ्याकडे वाकून म्हणाले, "बघ, कुणालाच गरज नाही! आणि आपण इतकी वर्षं काय समजत होतो?" मी काही बोलले नाही. बोलले असते तर कदाचित तिथंच थांबलं असतं. पण माझं तोंड उघडेना. लाजेनं तोंड कसं बंद होतं हे मला त्या खोलीत कळलं, आणि ती लाज पुढच्या बाईच्या काही कामाची नव्हती.

शेवटी शेवटी आत्ती आली. आत्ती म्हणजे अप्पांची थोरली बहीण, ओढ्यापलीकडच्या वाडीवर दिलेली; तिथली घरंही ह्याच देवळाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक गोव्यात सांग्याकडे नांदत होती. गुडघ्यांमुळे ती गावाच्या बैठकीला आली नव्हती. ह्या वर्षी मोजणी आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा तिच्यापर्यंत पोचवायला कुणाचं मन झालं नव्हतं. डोक्यावर पाटी, पाटीवर सागाचं पान, पानावरून पाणी निथळतंय, अशी ती खाली मान घालून आत आली. मान वर केली तेव्हा समोर भाऊ बसलेला.

"अक्का? तू कशाला आलीस एवढ्या पावसात?" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, वर्गात बोलायचा.

तिनं पाटी डोक्यावरून उतरवली. पान आपोआप घसरलं. आत कापड होतंच, शिवाय कापडावर एक छोटी गोणी घडी करून ठेवलेली, पाटी भरल्यावर उरलेलं त्यात भरायला. अप्पांनी ते बघितलं. आणि त्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हातारा झालेला चेहरा शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखा दिसू शकतो.

बाहेरून गावकारांचा आवाज आला, पाठ फिरवलेलीच असणार, मुद्दाम मोठ्यानं. "मास्तर, त्यांस्नी मीच बोलवलंय! नैवेद्याचं भात कांडायचं हाय, ते त्यांच्याकडं देऊन टाका!"

अप्पांना ती सोडवणूक घेता आली असती. नैवेद्याचं म्हणून पाटी भरायची आणि पाठवायची, बाहेरच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. त्यांनी हात पुढे केला आणि पायली धरली. पण ती उचलवेना. एक पायली भरली तर एक ऐकू जाणार, चार भरल्या तर चार. पेन्शनर मास्तरांची सख्खी बहीण.

आत्तीच मग हळू म्हणाली, "मूठभर घाल, तम्मा." धाकट्या भावाला ती तम्मा म्हणायची.

त्यांनी मूठभर घातलं. स्वतःच्या हातानं. तिनं पान झाकलं आणि ती पावसात गेली.

दुपारी पाऊस उघडल्यावर अप्पांनी घरातलं एक पोतं भरलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मी त्यांना डोक्यावर ओझं घेतलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी मागून चालत होते. ओढ्यावरच्या साकवावर ते थांबले, मला वाटलं दमले. पण ते वाट बघत होते, समोरून येणारा एक माणूस निघून जाईपर्यंत.

आत्तीनं आम्हाला गुळाचा कोरा चहा दिला. पोत्याकडे तिनं बघितलंच नाही.

"अक्का, मला सांगायचंस तरी."

"काय सांगू?"

"मला माहीत नव्हतं."

"तुला म्हाईत नसावं म्हणून तर पान असतंय."

अप्पांनी पोतं तिच्याकडे सरकवलं. म्हणाले, "हे ठेवून घे. दर महिन्याला आणून देईन. नाहीतर घरी चल."

"हे तुझं हाय, तम्मा. ते माझं होतं." तिचा आवाज चढला नाही. "लगीन होऊन आल्यापासून मी त्यात घातलंय. ह्यांनी घातलंय. चांगलं पिकलं तवा दोन पाट्या घातल्या. आता काढत हुते ते माझंच काढत हुते. तुझं घेतलं तर ती भीक हुईल."

"मी भाऊ आहे गं तुझा."

"म्हणून तर."

अप्पांनी मग विधवांच्या सरकारी पेन्शनीचं काढलं. अर्ज मी लिहितो, जोयड्याला मी घेऊन जातो म्हणाले. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "त्यात लिवायला लागतंय म्हणे, मला बघणारं कोण न्हाई म्हणून. आत्तापतुर साऱ्यांस्नी सांगत आले, माझा भाऊ मास्तर हाय. आता न्हाई म्हणून लिवून देऊ? तुझ्याच हातानं लिवणार काय ते?"

पोतं आम्ही परत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गावकारांकडे गेले. चूक झाली म्हणाले, पायली काढून टाकतो, पुन्हा एक दिवस ठरवा, जुन्या रीतीनं. गावकारांनी दिवस ठरवला. बोळा सैल केला. माणसं पाठ करून बसली. बाया आल्या, पानं झाकून, आणि आत जाऊन इतक्या लवकर बाहेर आल्या की पाटी भरायला वेळच मिळाला नसणार. बाहेरच्यांचे कान आपल्याकडे लागलेले असतात हे त्यांना कळून चुकलं होतं. आत्ती आलीच नाही.

त्या वर्षी कणगी कुणाला आठवत होती त्याहून जास्त भरलेली राहिली. पुढच्या मळणीला तिच्यात घालायला जागा नव्हती. माझ्या पुस्तकांच्या हिशेबानं हा निधी उत्तम होता. आत येणं भरपूर, बाहेर जाणं जवळपास नाही, आणि आकार वाढता. तिच्याभोवती घरोघर पेज पातळ होत होती. झाडावरून पडलेल्या माणसाची मुलं रानात कंद खणताना दिसायची. मळणीच्या आधीच, श्रावणात, कणगीतल्या भाताला कीड लागली होती.

मी धारवाडला परत गेले आणि निबंध दिला. जपान, अमेरिका, नेदरलंड्स, सिंगापूर, मलेशिया, सगळे त्यात होते. कणगी मी घातली नाही. गुण चांगले मिळाले. प्राध्यापकांनी वर्गात त्यातला एक परिच्छेद वाचून दाखवला, किती म्हातारी माणसं जगतात ते बघावं लागतं, हाच. मी बाकावर मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं, मी लाजाळू आहे.

आत्तीनं तो पावसाळा कसा काढला हे आम्हाला नीट कळलं नाही. तिची एक कालवड होती ती दिवाळीनंतर दिसली नाही. मग कळलं की आत्ती लेकीकडे सांग्याला राहायला गेली. जावयाच्या घरी जाऊन राहणं तिच्या वयाच्या बाईला काय असतं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या घराचं छप्पर पुढच्या पावसात बसलं. अप्पांनी त्यानंतर देशांची नावं घेतली नाहीत. पेन्शनीच्या दिवशी ते साधा सदरा घालून जाऊ लागले. आईला वाटलं, इस्त्रीचा कंटाळा आला असेल.

काही वर्षांनी अप्पा गेले. थोड्या दिवसांच्या तापानं, शांतपणे. मी तेव्हा बेळगावला शिकवत होते. तेराव्याला आत्ती लेकीबरोबर आली, गुडघे धरत धरत. मला भीती होती, आईच्या गळ्यात पडून ती काय बोलेल म्हणून. तिनं आईची नुसती पाठ थोपटली. सगळे जेवून पांगल्यावर पडवीत माझ्याशेजारी बसली.

"तुझा अप्पा येत होता माझ्याकडं," ती म्हणाली.

"कधी?"

"महिन्या दोन महिन्यांनी. सकाळच्या गाडीनं यायचा, दुपारच्या गाडीनं जायचा."

आम्हाला ते रामनगरला डोळ्यांचं औषध आणायला जातो म्हणून सांगत. आईनं कधी बाटली मोजली नाही.

"काय बोलायचे?"

"काय न्हाई. बसायचा. पैल्यांदा आला तवा केळी घेऊन आला, मी दारातनं परत धाडला. म्हटलं, यायचं तर रिकाम्या हातानं ये, बसायला ये. मग तसाच यायचा. माझ्या हातचं जेवायचा आणि जायचा. जावई म्हणायचा, मास्तर बहिणीकडं जेवायला एवढ्या लांब येत्यात, घरी उपाशी ठेवत्यात काय!" ती हसली आणि पदरानं डोळे पुसले.

मी आत उठून गेले. माजघरात मी तिच्यासाठी एक पिशवी भरून ठेवली होती. तांदूळ, चहापूड, एक लुगडं, आणि तळाशी एक पाकीट. निघताना तिच्या लेकीच्या हातात गुपचूप द्यायची असं सकाळपासून मनात होतं. आता ती पिशवी बघवेना. मी तिच्यावर आईची गोधडी टाकली, कुणी आलं तर दिसू नये म्हणून, आणि बाहेर आले.

जीप आली तेव्हा आत्तीनं माझे दोन्ही हात धरले. "ये तू बी कधी," म्हणाली. "कसं यायचं ते म्हाईत हाय न्हवं?"

मी हो म्हणाले.

त्यानंतर दोनदा मी सांग्याला जायला निघाले. दोन्ही वेळा आदल्या दिवशी बाजारात गेले, काय न्यावं बघायला, आणि दोन्ही वेळा घरी परत आले. तिच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं, आणि तिनं वाढलेलं जेवायचं, एवढंच करायचं आहे. अप्पांना ते जमलं. मला अजून जमलेलं नाही.